'तो लंगडला आहे' असं म्हणता येतं का?

शेवग्याची_शेंग
नमस्कार मंडळी, एक कथा लिहितेय आणि एका वाक्यावर गाडी अडलीये. कथेतल्या माणसाचा घोटा दुखावलाय आणि तसाच तो घाट उतरतोय. मी लिहिलं होतं, "तो अख्खा घाट लंगडला आहे." बहिणीला वाचायला दिलं तर म्हणे हे काय मराठी आहे का, "लंगडत आला आहे" कर. पण मला तो 'आला' नकोय!! तो अजून कुठेच आलेला नाहीये, घाटातच आहे, नुसता चालून चालून जीव मेटाकुटीला आलाय त्याचा.

आता प्रश्न असा की धावला आहे, पोहला आहे, हिंडला आहे हे सगळं चालतं, मग लंगडला आहे यानेच काय घोडं मारलंय? लंगडणे हाही धातूच आहे ना? आणि त्रासाने चालण्यासाठी दुसरं एखादं क्रियापद आहे का जे पूर्ण वर्तमानकाळात नीट बसेल? खुरडला आहे? अडखळला आहे? रखडला आहे? जाणकारांनी प्रकाश टाका.

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतो. व्याकरणाचा धागा आहे म्हणजे मारामारी नक्की.

अर्धविराम
"अख्खा घाट लंगडला आहे" वाचून मला तर घाटच लंगडतोय असं वाटलं. दोन्ही नामं प्रत्ययाशिवाय उभी आहेत, दोन्ही पुल्लिंगी एकवचनी, त्यामुळे कोण लंगडलं ते कळायला मार्ग नाही. 'तो' काढून वाचून बघा.

शेवग्याची_शेंग
अर्धविराम, हाहा, आता मला पण घाटच दिसतोय. दुष्ट आहात.

पावणेसहा
बहिणीचं बरोबर आहे पण तिने कारण सांगितलं नाही ते मी सांगतो. मराठीत -ला आहे हे रूप बऱ्याच क्रियापदांत 'क्रिया झाली' यापेक्षा 'आता ही अवस्था आहे' असं सांगतं. तो बसला आहे म्हणजे आता बसलेल्या स्थितीत आहे. तो झोपला आहे म्हणजे आत्ता झोपेत आहे, हळू बोला. थकला आहे, रुसला आहे, अडकला आहे, सगळीकडे तेच. त्यामुळे 'तो लंगडला आहे' ऐकलं की आपलं डोकं त्याच खणात टाकतं, म्हणजे तो आता लंगडा झालेला आहे, पाय गेलाय. घाट किती उतरला, किती वेळ चालला वगैरे काही त्यात ऐकूच येत नाही. तुम्हाला प्रवास सांगायचाय आणि रूप सांगतंय अवस्था. भांडण तिथे आहे.

गोठ्यातला
पावणेसहा यांना अनुमोदन. आमच्याकडे "बैल लंगडलाय" हे अगदी रोजचं वाक्य. त्याचा अर्थ बैल कुठून कुठे चालत गेला असा कोणीच घेत नाही. अर्थ एवढाच की काल धड होता, आज पाय टेकत नाहीये, खुरात काटा-खडा गेलाय का बघा, पाय मुरगळलाय का बघा, खूर पिकलंय का बघा. आणि 'बैल लंगडतोय' म्हटलं तर थोडं वेगळं वाटतं, म्हणजे चालताना दिसतंय, पण कदाचित दोन पावलांनी सुटेल. लंगडलाय म्हटलं की आज त्याला जुंपायचं नाही हे ठरलं.

नाकासमोर
मी नाही मानत. "आज दिवसभर लंगडलाय बिचारा, आता तरी बसू द्या त्याला" हे वाक्य कोणाच्याही घरात ऐकू येईल आणि त्यात पाय गेलेला नाही, दिवसभर लंगडण्याची क्रिया केली एवढंच आहे. 'दिवसभर' घातलं की अवस्था पळून जाते आणि क्रिया परत येते. तेव्हा सरसकट चूक म्हणू नका. धागाकर्तीच्या वाक्यात अडचण क्रियापदाची नसून 'अख्खा घाट' ची आहे. लंगडणे हे अंतर घेत नाही. चालणे घेतं, "तो दहा मैल चालला आहे" ठीक, "तो दहा मैल लंगडला आहे" कानाला खटकतं.

पावणेसहा
@नाकासमोर, दिवसभरचा मुद्दा मान्य. पण मग "दिवसभर झोपलाय" मध्येही तीच गंमत आहे बघा, झोपला आहे ही अवस्थाच आहे, फक्त तिला लांबी मिळाली. त्यामुळे तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देतंय असं मी म्हणेन.

नाकासमोर
म्हणा की. म्हणायला कुठे पैसे पडतात.

टिंबटिंब
मला तर 'चालणे' हेच सगळ्यात लबाड क्रियापद वाटतं. शाळेत शिकवतात की 'आला आहे', 'गेला आहे' तसा 'चालला आहे' हा पूर्ण वर्तमानकाळ. आणि प्रत्यक्षात? "तो चालला आहे" म्हणजे तो निघालाय, जातोय, अजून क्रिया चालूच आहे. "मी चालले" म्हणणारी बाई अजून दारात उभी राहून अर्धा तास बोलत असते. रूप पूर्ण, अर्थ अपूर्ण!

म्हणजे "तो लंगडत चालला आहे" लिहिलं तर वाचक काय समजणार, की आत्ता डोळ्यांसमोर लंगडत जातोय. लंगडत चालून झालं आहे असं कोणीही समजणार नाही. पण मध्ये अंतर घाला, "तो लंगडत चार मैल चालला आहे", की लगेच पूर्ण! एकाच 'चालला आहे' चे हे दोन अवतार. आणि लंगडत काढून टाकलं तरी हेच होतं.

पायमोजा
टिंबटिंब, भारी. आणि चाललेला लावलं तर? "मी या वाटेने चाललेली आहे" म्हणजे अनुभव, पूर्वी कधीतरी. इथे निघाल्याचा अर्थ येऊच शकत नाही. -लेला ने घोळ मिटतो. "तो या घाटात लंगडलेला आहे" म्हणजे एकदा तरी इथे त्याची ही गत झालेली आहे, अनुभवी गडी आहे.

टिंबटिंब
हो पण -लेला ने आत्ताचा दम निघून जातो ना. धागाकर्तीचा माणूस आत्ता घाटात आहे. तिला जुना अनुभव सांगायचा नाहीये.

अभ्यासू_उंदीर
थोडं पुस्तकी बोलतो, झोप आली तर पुढच्या प्रतिसादाकडे जा. झीनो वेंडलर या तत्त्वज्ञाने 1957 च्या एका लेखात क्रियापदांचे चार गट पाडले होते, स्थिती, नुसती चालू राहणारी कृती, शेवट असलेली कृती, आणि क्षणात घडणारी घटना. लंगडणे दुसऱ्या गटात, त्याला स्वतःचा शेवट नाही, किती लंगडलं की लंगडून 'झालं'? पोहोचणे चौथ्या गटात, त्याला शेवटच शेवट आहे. पूर्ण वर्तमानकाळाला शेवट आवडतो. शेवट नसलेलं क्रियापद त्यात घातलं की ते इकडेतिकडे बघायला लागतं, एकतर कालावधी मागतं (दिवसभर) किंवा अवस्था होऊन बसतं (बैल).

दुसरं नाव भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टाल्मी यांचं. त्यांनी भाषांचे दोन ढोबळ प्रकार सांगितले. इंग्रजीत चालण्याची तऱ्हा मुख्य क्रियापदात जाते आणि दिशा एका छोट्या शब्दात, म्हणून इंग्रजीत माणूस खुशाल 'लिम्प' करत खोलीत शिरतो, म्हणजे शिरण्याला वेगळं क्रियापदच लागत नाही. स्पॅनिशसारख्या भाषांत दिशा मुख्य क्रियापदात आणि तऱ्हा बाजूला. मराठीचा कल या दुसऱ्या बाजूला. लंगडत शिरला, खुरडत उतरला, धडपडत चढला, रांगत बाहेर आला. मुख्य क्रियापद दिशेचं, आणि सगळे हाल त्या -त मध्ये. म्हणून 'घाट लंगडला' खटकतं आणि 'घाट लंगडत उतरला आहे' खटकत नाही. घाट उतरणे म्हणजे अंतर घेणारं क्रियापद मिळालं, आणि 'आला' पण टळला.

शेवग्याची_शेंग
उंदीरमामा, उतरला आहे म्हटलं की खाली पोहोचला ना पण! माझा माणूस मध्येच आहे हो!!

अभ्यासू_उंदीर
मग "अर्धा घाट लंगडत उतरला आहे". पुढचा अर्धा तुमच्या हातात.

काकूंचा_चष्मा
मला आधीपासून एक म्हणायचं होतं पण तुम्ही मंडळी थांबेचनात. "लंगडत आला आहे" याचे दोन अर्थ होतात ते कोणीच कसं बोललं नाही? एक, लंगडत लंगडत इथे येऊन पोहोचला. दुसरा, बरीच वर्षं लंगडतच आला आहे, म्हणजे पूर्वीपासून आजपर्यंत हेच चालू आहे. 'आपण हे सहन करत आलो आहोत', 'ही पद्धत चालत आली आहे' मध्ये कोण कुठून चालत येतं? तिथे येणे म्हणजे काळातून येणे. आता "ही योजना रखडत आली आहे" घ्या, योजना काय पायी आली का? तेव्हा बहिणीचं वाक्य कोणी असंही वाचू शकतो की हा माणूस लहानपणापासून अधू आहे. पुढेमागे घोटा मुरगळल्याचा उल्लेख नसेल तर गैरसमज पक्का.

पायमोजा
बाप रे, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. "तो पायी आला आहे" आणि "चालत आला आहे" यात पण फरक पडतो मग.

काकूंचा_चष्मा
पडतो तर. माणूस चालत आला तर पायी, चाल चालत आली तर वर्षानुवर्षं. कर्ता बघून अर्थ ठरतो. आणि लंगडत लंगडत असं दोनदा म्हटलं की काळाचा अर्थ जवळजवळ पुसला जातो, मग फक्त पायांचेच हाल उरतात. म्हणून बोलताना आपण दोनदा म्हणतो बहुतेक.

रिकामटेकडा
म्हणीत मात्र गाय सरळ लंगडी आहे, वासरात लंगडी गाय शहाणी. 'वासरात लंगडलेली गाय शहाणी' म्हटलं असतं तर तिला दोन दिवसांनी शहाणपण सोडावं लागलं असतं. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

गोठ्यातला
रिकामटेकडा, हे मात्र खरंय. लंगडली ती बरी होते, लंगडी ती लंगडी.

नीज
माणसांबद्दल लिहिताना मला वाटतं हाच फरक जपायला हवा. 'लंगडा' म्हटलं की माणूस संपला, फक्त पाय उरला, चिडवायलाही तोच शब्द. 'लंगडत चालतो' म्हटलं की चालण्याबद्दल बोललात. माझा स्वतःचा एक पाय आखूड आहे, मला लंगडते म्हणा, काही वाटत नाही, खरंच लंगडते. लंगडी म्हणू नका. कथेत निवेदक कोणाच्या बाजूने बोलतोय त्यावर कुठलं रूप घ्यायचं ते ठरवा.

शेवग्याची_शेंग
नीज, हे डोक्यात ठेवते. कथेत एक खवचट पात्र आहे, ते 'लंगडा' म्हणेल, निवेदक म्हणणार नाही.

सांधेवाली
मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमची काळांची चर्चा वाचून मजा वाटली कारण आम्ही पेशंटला पहिला प्रश्न काळाचाच विचारतो, कधीपासून आणि कसं सुरू झालं. "लंगडलाय" (अचानक, काल पडला), "लंगडायला लागलाय" (हळूहळू सुरू झालं, कारण शोधा), "लंगडत असतो" (येतं जातं), "पहिल्यापासूनच लंगडतो" (जुनं दुखणं किंवा जन्मजात). घरची माणसं हे फरक आपोआप करतात, त्यांना व्याकरण येत असो नसो, आणि आमचं अर्धं काम तिथेच होतं.

आणि लेखकांनो, सगळे लंगडणारे सारखे लंगडत नाहीत हो. दुखऱ्या पायावर माणूस कमीत कमी वेळ भार ठेवतो, तो पाय टेकला की लगेच उचलतो, त्यामुळे दुसरं पाऊल घाईघाईने पडतं. घोटा मुरगळलेला तुमचा माणूस हा असा. खुब्याच्या बाजूचे स्नायू कमकुवत असतील तर त्या पायावर उभं राहताना कंबर दुसऱ्या बाजूला खाली झुकते, याची चाचणी जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. पाऊल वर उचलताच येत नसेल तर माणूस बोटं अडकू नयेत म्हणून गुडघा जास्त वर घेऊन चालतो. पार्किन्सनमध्ये पावलं छोटी छोटी, जमिनीला घासत. आणि पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं, परत चाललं की परत, इंग्रजीत त्याचं नाव लंगडण्याच्या लॅटिन शब्दावरूनच आलंय. हे सगळे 'लंगडत आले आहेत' मध्ये कोंबू नका.

हो, आणि घाट उतरताना त्याच्या हातात काठी देणार असाल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात द्या. पडद्यावर दर वेळी चुकीच्या हातात दिसते आणि मी ओरडते.

शेवग्याची_शेंग
सांधेवाली, काठी होती आणि दुखऱ्या बाजूलाच होती, आत्ता हात बदलला. खूप आभार!

जुनाखोड
दुसऱ्या क्रियापदांचं राहिलंच. खुरडणे म्हणजे माझ्या मते उभं राहता न येणं, बसूनच किंवा गुडघ्यावर पुढे सरकणं. सरपटणे पोटावर. लटपटणे पायात जोर नसणं, ताप, भीती, म्हातारपण काहीही. ठेचकाळणे, अडखळणे हे एका क्षणाचं, दगडाला पाय लागला, झालं. झोकांड्या खाणारा वेगळाच, त्याला घाट कशाला, सपाट रस्ताही पुरतो. 'अडखळला आहे' म्हटलं तर वाचक विचारणार कशाला, कुठे. आणि 'रखडला आहे' आता माणसांचं राहिलंच नाही, ते पुलांचं आणि खटल्यांचं झालं. फरफटणे तर बहुतेक दुसऱ्याने ओढत नेणं.

पायमोजा
खुरडत म्हणजे फक्त बसून नाही हं. आमची आजी "खुरडत खुरडत का होईना देवापर्यंत जाते" म्हणायची आणि ती चांगली उभी राहून चालायची, फक्त पाय घासत.

जुनाखोड
आजींना ताकीद देण्याचा अधिकार मला नाही. तरी मी बसूनच खुरडणार.

नाकासमोर
मला वाटतं उत्तर वेगळ्याच ठिकाणी आहे. क्रियापद सोडा, नाम घ्या. "त्याने दिवसभर पायपीट केली आहे." "तंगडतोड केली आहे." "हेलपाटे घातले आहेत." 'केली आहे' लावल्याबरोबर अवस्थाबिवस्था काही नाही, चक्क पूर्ण वर्तमानकाळ, हाल पण आहेत, आणि पोहोचलाच पाहिजे अशी अटही नाही. शिवाय कर्त्याला 'ने' लागतो त्यामुळे अर्धविराम यांचा घाट पण लंगडत नाही. फक्त हेलपाटे म्हणजे परत परत जाणं येणं, ते तुमच्या माणसाला नको, एकदाच बिचारा उतरतोय.

अर्धविराम
मग "त्याने घाटभर लंगडी घातली आहे" पण चालेल की! लंगडणे हवं होतं, पूर्ण काळ हवा होता, दोन्ही आले.

रिकामटेकडा
आणि घाटातल्या कोणाला तरी बाद करून तो परत आपल्या गटात आला.

पावणेसहा
पायपीट छान आहे पण पायपीटमध्ये लंगडणं नाही, नुसतं थकणं आहे. घोटा कुठे गेला? तुकडे जोडावे लागतील, "लंगडत पायपीट केली आहे" म्हणजे डबल.

चौकट_राजा
सगळे मराठीबद्दल बोलताय म्हणून एक अवांतर. इंग्रजीत तीन महिन्यांपासून लंगडणाऱ्यासाठी 'हॅज बीन लिम्पिंग' लागतं, आणि आपण सगळे 'इज लिम्पिंग सिन्स थ्री मंथ्स' म्हणतो आणि मास्तरांचा मार खातो. त्याचं कारण हेच की मराठीत "तीन महिन्यांपासून लंगडतोय" हा साधा चालू वर्तमानकाळ पुरतो, 'पासून' ने सगळं ओझं उचललेलं असतं. आपल्याला पूर्ण काळाची गरजच पडत नाही तिथे. म्हणजे शेंगताई, तुम्ही "सकाळपासून लंगडतोय" लिहिलंत तर सगळा धागा वाचवता आला असता.

टिंबटिंब
चौकट, तुमचं म्हणणं बरोबर, पण धागा वाचवून काय करायचं होतं, प्रतिसादांची शंभरी गाठायचीये.

वैदर्भी
आमच्याकडे तर सोप्पं. "लंगडून रायला" म्हणतो, म्हणजे लंगडतोय. रूप बघाल तर राहिला, भूतकाळी, अर्थ मात्र चालू. तुमच्या 'चालला आहे' ला हसू नका, आमचा अख्खा चालू काळच तसा आहे.

पायमोजा
वैदर्भी, मस्त. बरं ते लंगडलीये, लंगडलीय, लंगडली आहे यातलं लिहायचं कुठलं? मी निवेदनात तोडून लिहिते, संवादात जोडून.

जुनाखोड
आलीये वाचलं की माझं रक्त उसळतं. आलीय लिहा. आली आहे लिहा. तो ये कुठून येतो?

काकूंचा_चष्मा
तोंडातून येतो, जुनाखोड. तुम्हीही बोलताना आलीयेच म्हणता, पैज.

शेवग्याची_शेंग
मंडळी, ठरलं. निवेदनात: "सकाळपासून तो लंगडतोच आहे. अर्धा घाट उतरून झाला आहे, उरलेला अजून खाली दिसतो आहे." पूर्ण काळ उतरण्याला दिला आणि लंगडणं चालू ठेवलं. आणि पुढे एका गुराख्याच्या तोंडी "लंगडलाय बघ तो" ठेवतेय, गोठ्यातला यांच्यामुळे. बहिणीला अजून दाखवलं नाहीये.

नाकासमोर
'उतरून झाला आहे' पेक्षा 'उतरला आहे' बरं. झाला आहे म्हणजे काम उरकल्यासारखं वाटतं.

शेवग्याची_शेंग
त्याला काम उरकल्यासारखंच वाटतंय हो, राहू द्या.

पावणेसहा
छान जमलंय. आता एकच प्रश्न उरतो, नकाराचं काय? "तो लंगडला नाही" म्हणजे कधी नाही, काल की आत्तापर्यंत? 'लंगडला' आणि 'लंगडला आहे' दोघांचा नकार एकच, आहे गेला आणि नाही आला. वेगळं करायचं तर 'लंगडलेला नाही' लागतं.

टिंबटिंब
आणि "तो चालला नाही" तर अजून कहर. पायी चालला नाही, की निघालाच नाहीये, की एखादा प्रयोग असेल तर पडला. याचा वेगळा धागा काढा कोणीतरी.

रिकामटेकडा
काढा, मी रुमाल घेऊन येतो.